डावा बॉक्स

कानकाकांना कानकाका हे नाव पाणीखात्यात पडलं आणि असं चिकटलं, की निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात त्यांचं खरं नाव घेतलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघून विचारलं, "हे कोण आता?"

नाव पडायला कारण होतं. रस्त्याखालच्या नळांची गळती शोधायची, हे त्यांचं काम. वर रस्ता कोरडा ठणठणीत आणि खाली पाणी वाया चाललेलं. ते नेमकं कुठे, हे खोदण्याआधी कळायला हवं. कानकाकांच्या हातात एक लोखंडी सळई असायची. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला लाकडी वाटी होती तिला कान लावायचा, आणि जिवाचा कान करून ऐकायचं. धड नळ एका सुरात वाहतो. फुटका नळ कुजबुजतो. कुजबुज सापडली की खिशातला खडू काढून रस्त्यावर फुली मारायची आणि पुढे चालू लागायचं. मग खोदणारी टोळी येऊन फुलीवर पहार घालायची. खाली काय निघालं हे बघायला कानकाका कधी थांबले नाहीत. "आपलं काम फुलीपर्यंत," असं म्हणायचे, आणि म्हणताना आवाजात जरा तोरा असायचा. असायला हरकत नव्हती, कारण त्यांची फुली कधी चुकली नव्हती.

माणसं निवृत्त झाली की कशाच्या तरी मागे लागतात. कोणी बागेच्या, कोणी देवाच्या, कोणी शेजाऱ्यांच्या. कानकाका स्टिरिओच्या मागे लागले, आणि तेही हात धुवून. बैठकीच्या खोलीची मापं घेऊन झाली. सोफा पुढे आला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. खोलीभर हिंडून टाळ्या वाजवून झाल्या, कुठल्या भिंतीवरून आवाज परततो ते बघायला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी टाळ्या ऐकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "काका एकटे पडल्यापासून जरा..." पुढचं वाक्य त्यांनी बोटानेच पुरं केलं, डोक्याजवळ फिरवून. अँप्लिफायर कोणता, टर्नटेबल कोणतं, वायर किती जाड, स्पीकरखाली दगड ठेवावा की लाकूड, यावर कानकाका मुलीशी फोनवर इतकं बोलायचे, की ती वैतागून म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही मुलाची एवढी चौकशी केली नव्हती."

"मुलगा तू आणला होतास," कानकाका म्हणाले. "स्पीकर मी आणतोय."

पण ही नुसती स्वतःची हौस नव्हती. तो शब्द होता, काकूंना दिलेला.

काकू म्हणजे त्यांची बायको. लग्नाला थोडी वर्षं झाली होती, मुलगी लहान होती, आणि एका तापात काकूंचे कान गेले. दोन्ही. कानावर पोट भरणाऱ्या माणसाच्याच घरात हे व्हावं, याचा कानकाकांना भयंकर संताप आला. कोणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काकूंनी पोटभर रडून घेतलं, मग डोळे पुसले आणि ओठ वाचायला शिकल्या. "एक बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता तुमचं न्हाणीघरातलं गाणं ऐकायला नको." कानकाकांचा आवाज खरंच वाईट होता. पूर्वी ते गायला लागले की काकू बाहेरून ओरडायच्या, "अहो, खात्याला कळवा, आपल्याच घरात नळ फुटलाय!" कान गेले त्या दिवसापासून कानकाकांनी गाणं सोडलं ते सोडलंच. मात्र एक नवी सवय लागली. बायकोशी बोलताना ते चेहरा उजेडात धरायचे आणि शब्द सावकाश सोडायचे.

घरात जुना स्टिरिओ होता. त्याचे दोन मोठे बॉक्स ओळखीच्या सुताराने पातळ प्लायवूडचे ठोकले होते. गाणं लागलं की दोन्ही पेट्या नखशिखांत थरथरायच्या. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हा दोषच. पण एकदा रेकॉर्ड चालू असताना काकू धूळ पुसत होत्या, आणि पुसता पुसता त्यांचा हात डाव्या बॉक्सवर थांबला. बराच वेळ थांबला. मग वळून म्हणाल्या, "अहो, हा माणूस जाड आहे का हो?"

"कोण?"

"गाणारा."

गाणारा खर्जातला होता. कानकाकांना हसू आवरेना, आणि डोळेही आवरेनात. तेव्हापासून डावा बॉक्स काकूंचा झाला. त्याच्याशेजारी त्यांची वेताची खुर्ची आली. संध्याकाळी काकू खुर्चीत बसायच्या, तळवा बॉक्सवर सपाट ठेवायच्या आणि हुकूम सोडायच्या, "जाड्या लावा." जाड्याचं नाव काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्याचं एक नावाड्याचं गाणं होतं, संथ, वल्ह्याच्या ठेक्यातलं. ते संपलं की काकू हात उचलायच्या, गुडघ्यावर पुसायच्या आणि म्हणायच्या, "छान गायला आज." जणू तो रोज समोर येऊन नव्याने गायचा. त्या हाताखाली पॉलिश झिजून बॉक्सवर पाच बोटांचा फिकट ठसा उठला होता.

"निवृत्त झालो की असे स्पीकर आणतो," कानकाका सांगायचे, "की जाड्या तुझ्या हाडापर्यंत पोचेल."

"बघू," काकू म्हणायच्या. "तोवर हा माझा बरा आहे."

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी जाड्याचं गाणं संपलं, सुई आतल्या कडेला जाऊन खरखरत राहिली, आणि काकूंनी हात उचलला नाही. कानकाकांना वाटलं, डोळा लागला असेल. त्यांनी रेकॉर्डची दुसरी बाजू लावली. तीही संपली. हात तसाच होता.

म्हणून ते स्टिरिओच्या मागे लागले होते. माणूस गेलं तरी दिलेला शब्द जात नाही, अशा मताचे ते होते. शिवाय त्यांचा उजवा कान आता दगा देऊ लागला होता. जे करायचं ते लवकर करायला हवं होतं.

दुकानदार स्वतः खोली मोजायला आला. भारी सामानाचं दुकान चालवणारा हा माणूस आपल्या कानांना इतका जपायचा की बोलायचाही पुटपुटल्यासारखा. कानकाकांनी मनातल्या मनात त्याचं नाव हळूभाऊ ठेवून टाकलं. हळूभाऊने सोफ्याच्या जागी एक माइक उभा केला, लॅपटॉप उघडला आणि जुन्याच बॉक्समधून एक सूर सोडला. खालच्या गुरगुरण्यापासून वरच्या शिट्टीपर्यंत चढत जाणारा एकच सूर. आधी उजवीकडून, मग डावीकडून. पडद्यावर दोन रेघा उमटल्या आणि हळूभाऊच्या भुवया वर गेल्या.

"डावा दबलाय," तो म्हणाला. "उजवा पेटी हलवून सोडतोय आणि डावा गप्प. तिथं काही टेकवलंय का?"

काहीच टेकवलेलं नव्हतं. शेजारी रिकामी वेताची खुर्ची होती, एवढंच.

"पुन्हा लावा," कानकाका म्हणाले आणि कपाटामागून सळई घेऊन आले. निवृत्त होताना खात्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. सळई मात्र त्यांनी स्वतः मागून घेतली होती. सूर सुरू झाल्यावर त्यांनी उजव्या बॉक्सला टोक लावलं. सगळी पेटी भणभणत होती. मग डाव्याला लावलं. भणभण तिथेही होती, पण बुजलेली. सळई थोडी थोडी सरकवत त्यांनी ती जागा शोधली. पेटीच्या वरच्या अंगाला, एका तळव्याएवढ्या तुकड्यात आवाज मरत होता. कानकाकांनी हा आवाज ओळखला. संध्याकाळी काकूंचा हात बॉक्सवर असला की डावा बॉक्स असाच वाजायचा.

 त्यांचा हात सवयीने खिशात गेला. दोष सापडला की फुली. त्यांनी त्या फिकट ठशाच्या बाजूला खडूने फुली मारली.

"आतला सरस सुटला असेल," हळूभाऊ म्हणाला. "थांबा, बॉक्सची अदलाबदल करून बघू."

दोघांनी मिळून बॉक्स उचलले आणि जागा बदलल्या. पुन्हा सूर सोडला. फुलीचा बॉक्स उजवीकडे जाऊन मोकळा भणभणू लागला. आणि आजवर उजवीकडे खणखणीत वाजणारा, खुर्चीशेजारी येताच दबला. आयुष्यात पहिल्यांदा कानकाकांची फुली चुकली होती.

हळूभाऊने पडद्यावरच्या रेघा पुन्हा ताडून पाहिल्या. "कोपऱ्याचा परिणाम असेल," तो शेवटी म्हणाला. "गंमत सांगू का, पेटीवर कोणी हात ठेवून बसलं ना, की रेघ अशी येते." मग त्याची नजर खुर्चीकडे गेली आणि त्याने नजर चटकन काढून घेतली. "ही खुर्ची तेवढी हलवा, काका. नवे स्पीकर आले की तिथं काही नको."

"खुर्ची हलणार नाही," कानकाका म्हणाले. हे त्यांनी चेहरा उजेडात धरून आणि शब्द सावकाश सोडून सांगितलं, आणि सांगताना ते हळूभाऊकडे बघत नव्हते.

हळूभाऊने सामान जरा घाईनेच आवरलं.

तो गेल्यावर कानकाका सोफ्यावर टेकले. भीती वाटली नाही असं नाही.  पण त्या भीतीखालून जे वर येत होतं तो निव्वळ आनंद होता, आणि तो आनंद इतका मोठा झाला की त्यांना एकट्याला हसू फुटलं. "बसली आहेस होय," ते खुर्चीला म्हणाले. "मग थोडा दम धर. आणतोच."

दुकानात ऐकायची वेगळी खोली होती. गालिचा, जाड पडदे, दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यावा अशी शांतता. समोर कमरेएवढे दोन काळे स्पीकर. कानकाकांनी काखोटीला मारून आणलेली जाड्याची रेकॉर्ड हळूभाऊने लावली, आणि कानकाका तिथल्या खुर्चीचे हात धरून बसले. जाड्या तिथे उभा होता. ओळ सुरू करण्याआधी तो श्वास घेतो, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. गाण्यात मागे कोणीतरी पाय सरकवतं, तेही माहीत नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"आता उठा," हळूभाऊ अभिमानाने पुटपुटला, "आणि पेटीवर हात ठेवा."

गाणं भर रंगात होतं. कानकाकांनी काळ्या पेटीवर तळवा टेकवला. काही नाही. भिंतीवर हात ठेवावा तसं. गार आणि मुकं.

"पेटी मेलेली पाहिजे, काका. थरथरली की समजायचं, गाण्यात आपल्या पदरचं मिसळतेय. ही तुम्ही कितीही मोठ्याने वाजवा, हलायची नाही."

"वा!" कानकाका म्हणाले. "याला म्हणतात काम!" आणि त्यांनी पेटीवर शाबासकीची थाप मारली. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. जे थरथरतं, कुजबुजतं तो दोष, आणि जे गप्प ते धड. त्यांचं डोकं आनंदाने भरलं होतं, कान आनंदाने भरले होते. त्या तळव्याला मात्र कोणी काही विचारलं नाही.

सामान घरी आलं त्या दिवशी कानकाका लहान पोरासारखे मध्ये मध्ये करत होते. वेताची खुर्ची त्यांनी स्वतः धरून ठेवली, कोणी चुकूनही सरकवू नये म्हणून. "हे जुने बॉक्स आम्हीच घेऊन जातो," हळूभाऊ म्हणाला, "तुम्हाला घरात अडचण नको." कामगारांनी बॉक्स उचलले. एकावर खडूची फुली होती आणि फुलीशेजारी तो फिकट ठसा. दारातून बाहेर पडताना त्याच्यावर जिन्यातला उजेड पडला, आणि कानकाकांच्या काळजात काहीतरी हललं. "जरा थांबा" असं ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात आतून हळूभाऊने विचारलं की टर्नटेबल कुठे ठेवायचं, आणि ते आत वळले.

संध्याकाळी त्यांनी जाड्या लावला. गाणं घरभर उभं राहिलं. ते संपल्यावर त्यांनी दिवा लावला, चेहरा उजेडात आणला आणि खुर्चीकडे बघून विचारलं, "कसं वाटलं?" मग सळई घेऊन डावा स्पीकर ऐकला. आत काहीच नव्हतं. ना भणभण, ना तिच्यातला तो बुजलेला तुकडा. "दुकानदार खोटं बोलला नाही," ते स्वतःशी म्हणाले. पण म्हणताना त्यांना उगाच थंडी वाजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिजचा आवाज बसला.

बंद पडला नव्हता. दिवा लागत होता, आत गार होतं. पण रोजची घरघर कोणीतरी कांबळं टाकावं तशी दबली होती. कानकाकांनी दाराला सळई लावली आणि तळव्याएवढी एक मेलेली जागा शोधून काढली. ते ऐकत असतानाच ती जागा मोकळी झाली आणि घरघर परतली. कानकाकांनी तिथे फुली मारली. दुसरं काय करायचं असतं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग स्वयंपाकघरातला पाइप. वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की तो कण्हायचा; आज कण्हता कण्हता मध्येच चूप झाला आणि पुन्हा सुरू झाला. मग खिडकीची काच. खालून बस गेली की ती तडतडायची. बस गेली, टेबलावरचे चमचे वाजले, काच हललीही नाही. पुढची बस आली तेव्हा काच तडतडली आणि कपडे धुण्याच्या यंत्राचं झाकण गप्प झालं. कानकाका सळई आणि खडू घेऊन घरभर फिरत होते. फ्रिज, पाइप, काच, यंत्र, कपाटाचं दार. प्रत्येक ठिकाणी आवाज क्षणभर दाबला जायचा आणि सोडला जायचा.

मागे सरून त्यांनी घराकडे नजर टाकली. सगळ्या फुल्या एकाच उंचीवर होत्या. काकूंसारख्या बुटक्या बाईने उभं राहून हात पुढे केला तर तळवा जिथे टेकेल, तिथे.

तेवढ्यात टेबलावर मोबाइल थरथरला. मुलीचा फोन. थरथर सुरू झाली, आणि कानकाकांच्या डोळ्यांदेखत ती दबली. फोन टेबलावर होता, पडद्यावर मुलीचा फोटो होता, पण सरपटायचा थांबून तो जागच्या जागी घुसमटत होता. थोड्या वेळाने सुटला.

"बाबा, कसा वाजतोय नवा?" मुलीने विचारलं.

"उत्तम," कानकाका म्हणाले. 

"आईला फार आवडलं असतं."

 त्यांनी फोन ठेवला, कापूस घेतला आणि दोन्ही कानांत गच्च कोंबला. मग जाड्या लावला, आवाज जाईल तेवढा वाढवला, काकूंच्या खुर्चीत बसले आणि नव्या डाव्या स्पीकरवर तळवा ठेवला. डोळे मिटले. कापसाला न जुमानता गाणं लांबून कुठूनतरी येत होतं, कारण ते बहिरे नव्हते. पण हाताखाली काही नव्हतं. बोटं फिरवली, दाबून धरली, दुसरा हात ठेवून पाहिला. गार आणि मुकं. काकू ज्या जगात ऐकायच्या त्या जगात जाड्या मेला होता, आणि त्याला कानकाकांनी मारलं होतं. तापाने एकदा तिचे कान नेले. दुसऱ्यांदा नवऱ्याने नेले, तेही हौसेने, तिच्यासाठी म्हणून. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी त्या भारी पेटीवर मूठ आपटली. पेटी हलली नाही.

त्यांनी हळूभाऊला फोन केला. "माझे बॉक्स परत द्या."

"कोणते, काका? ते जुने? ते तर कालच मोडले. फळ्या पॅकिंगला गेल्या." हळूभाऊ काळजीने आणखीच हळू झाला. "का, नव्यात काही दोष आहे का?"

"नाही," कानकाका म्हणाले. "काही दोष नाही."

उद्या सुताराला बोलवू, त्यांनी मनाशी ठरवलं. पातळ प्लायवूड, सुटा सरस, जितकं वाईट करता येईल तितकं वाईट. पण उद्याला अजून वेळ होता आणि इकडे संध्याकाळ झाली होती. ही काकूंची गाण्याची वेळ. घरातली चाचपणी आता वाढली होती. काच दबली, सुटली. लगेच फ्रिज. लगेच पाइप. पुन्हा काच. अंधारात काही हरवलं की माणूस भिंती चाचपत कसं घाईघाईने हात मारतं, तसं चाललं होतं. कपाटाचं दार एकदा जोरात वाजलं.

कानकाकांनी घरातले सगळे दिवे लावले. खोलीच्या मधोमध उभे राहून चेहरा वर धरला आणि सावकाश म्हणाले, "अगं, मी इथे आहे. इथे." न्हाणीघरातला पाइप दबला. तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

मग त्यांनी तो स्पीकर धरून ओढला. हाडं कुरकुरली, पण ओढला, आणि खुर्चीशेजारची जागा रिकामी केली. त्या जागी, जुन्या बॉक्सच्या जागी, ते जमिनीवर मांडी घालून बसले. पाठ भिंतीला लावली आणि नावाड्याचं गाणं म्हणायला सुरुवात केली.

आवाज भयंकर होता. इतक्या वर्षांचा गंज त्यात होता आणि मुळात सूर कधी नव्हताच. पहिल्या ओळीला तो फाटला. कानकाकांनी हट्टाने खर्ज लावला, जाड्यासारखा, छातीचं पिंप हादरेल असा. पाठ भिंतीवर थरथरू लागली. बरगड्या थरथरू लागल्या.

न्हाणीघरातला पाइप सुटला. फ्रिज मोकळा घरघरू लागला. खालून बस गेली आणि काच तडतडली, मनसोक्त. घरातली एकूण एक वस्तू आपापल्या आवाजात परतली, आणि वेताची खुर्ची कुरकुरली.

मग त्यांच्या छातीवर हात आला. दिसला नाही, पण आला. सपाट, गार, ओळखीचा. त्याच्याखाली त्यांचा आवाज बुजला, तळव्याएवढाच, आणि त्या बुजण्याने कानकाकांना असं भरून आलं की सूर आणखी बिघडला. तिला ते कळणार नव्हतं. तिच्यासाठी गाणारा जाडच होता. हाताचा अंगठा ठेका धरत होता. कानकाका रडत होते आणि वल्ही मारत होते, आणि इतकं सुख त्यांना दुकानातल्या त्या खोलीतही झालं नव्हतं.

गाणं संपलं. ते थांबले. आता ती हात उचलेल, गुडघ्यावर पुसेल, म्हणेल, छान गायला आज. त्यांनी चेहरा खुर्चीकडे वळवून वाट पाहिली.

टेबलावर मोबाइल थरथरू लागला. मुलगी असणार. त्याची थरथर कोणी दाबली नाही; तो मोकळेपणाने सरपटत टेबलाच्या कडेला निघाला होता. छातीवरचा हात तसाच होता. कानकाकांनी उठायला अंग उचललं, तर तो दाबला गेला. जोर फार नव्हता. बसा, इतकाच. पण त्याच्याखाली, तळव्याएवढ्या जागेत, आत जे कायम धडधडत असतं ते बुजल्यासारखं झालं.

त्यांना ती संध्याकाळ आठवली. आपण दुसरी बाजू लावली होती, आणि ती संपल्यावरही हात तसाच होता.

मोबाइल टेबलावरून खाली पडला आणि फरशीवर भणभणत राहिला. कानकाकांनी येईल तेवढा श्वास घेतला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.